यंत्राला अनुदान मिळतं, शिकलेल्या लेकीच्या कामालाही मिळतं



चक्कीला अनुदान मिळतं, हे आपल्या गटातल्या कुणालाही विचारा, ती सांगेल. शेवयाचं यंत्र, पॅकिंगचं यंत्र, मसाल्याचं डंकन, सगळ्यांसाठी कुठली योजना आहे आणि तिचा फॉर्म कुठं मिळतो, हे आता आपल्याला पाठ झालंय. पण धंद्याला नुसतं यंत्र पुरत नाही. त्या धंद्यात एखादा अडलेला प्रश्न असतो आणि तो सोडवायला शिकलेलं डोकं लागतं. अशा शिकलेल्या माणसाला काही महिने कामावर ठेवायलाही सरकार पैसे देतं, हे मात्र फार कमी जणींना ठाऊक असतं. आज त्याबद्दल बोलूया.

आधी प्रश्न कसला ते पाहू. आपल्या सोलापूरची शेंगा चटणी आणि कडक भाकरी सगळीकडे नावाजलेली. कितीतरी गट त्यावर उभे आहेत. पण चटणी दोन महिन्यांनी खवट लागली म्हणून दुकानदार माल परत करतो. पावसाळ्यात कडक भाकरी मऊ पडते. ज्वारीचं पीठ दळून ठेवलं की काही आठवड्यांनी कडवट होतं. आपण म्हणतो, हवा खराब, शेंगदाणा खराब, नाहीतर नशीब खराब. पुढच्या वेळी मीठ थोडं वाढवून बघतो, पिशवी बदलून बघतो. कधी जमतं, कधी जमत नाही. का जमलं आणि का बिघडलं, ते शेवटपर्यंत कळत नाही.

हे "का" शोधून काढायचं म्हणजेच संशोधन. हा शब्द ऐकला की आपल्याला पांढरा कोट आणि मोठमोठ्या काचेच्या नळ्या दिसतात. प्रत्यक्षात शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं, दाणा भाजून कुटला की ते तेल मोकळं होतं, हवा, उजेड आणि उष्णता लागली की ते लवकर खवट होतं, आणि म्हणून पारदर्शक पिशवीत उन्हाच्या बाजूला टांगलेली चटणी आधी बिघडते, एवढं समजून घेऊन त्यावर उपाय तपासून बघणं हेसुद्धा संशोधनच. ज्वारीच्या पिठाचंही तसंच. दाण्याच्या कोंबात स्निग्ध पदार्थ असतो. दळल्यावर तो सगळ्या पिठात मिसळतो आणि त्याचं विघटन सुरू होतं. म्हणून दाणा वर्षभर टिकतो आणि पीठ टिकत नाही.

आता दुसरी बाजू बघा. आपल्याच गावात, आपल्याच गल्लीत, एम.एस्सी. झालेली एखादी मुलगी असते. केमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, नाहीतर अन्नतंत्र. वडिलांनी एस.टी.चा पास काढून, कधी जनावर विकून तिला शिकवलेलं असतं. शिक्षण संपलं की ती घरी बसते. पुण्याला जायचं तर खोलीचं भाडं परवडत नाही. जवळपास काम विचारायला गेली तर "अनुभव किती?" असा प्रश्न येतो. काम मिळाल्याशिवाय अनुभव नाही आणि अनुभवाशिवाय काम नाही. सहा महिने गेले की पाहुणे बघायला यायला लागतात आणि पदवी कपाटात जाते.

एका घरात प्रश्न पडून आहे, शेजारच्या घरात त्याचं उत्तर शोधू शकणारी मुलगी बसून आहे. मध्ये आडवा येतो तो पगार. लहान उद्योग म्हणतो, मला माणूस हवंय, पण नव्या माणसाचा पगार आणि शिकवण्याचा वेळ परवडत नाही. हा आडवा दगड बाजूला करण्यासाठीच अशी अनुदानं असतात.

ही कल्पना आजची नाही. ब्रिटनमध्ये १९७५ साली अशी एक योजना सुरू झाली आणि २००३ पासून ती नव्या नावानं चालू राहिली. तिथं तिघांचं मिळून काम ठरतं: एक उद्योग, एक विद्यापीठ आणि नुकतंच शिकून बाहेर पडलेलं एक तरुण माणूस. उद्योगानं आपली अडचण सांगायची, विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी मार्गदर्शन करायचं आणि त्या तरुणानं एक ते तीन वर्षं उद्योगात बसून ती अडचण सोडवायची. लहान उद्योग असेल तर खर्चाचा मोठा वाटा, साधारण दोन तृतीयांशापर्यंत, सरकार उचलतं. यातली एक गोष्ट आपण लक्षात ठेवू: काम सुरू होण्याआधीच प्रश्न ठरलेला असतो. पुढे त्याकडे परत येऊ.

आता आपल्या महाराष्ट्रात काय आहे ते पाहू. जून २०२४ च्या राज्य अर्थसंकल्पात एक योजना जाहीर झाली. तिचं नाव मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. जुलै महिन्यात शासन निर्णय निघाला आणि आषाढी एकादशीला आपल्या पंढरपुरातच तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी तिच्याबद्दल सांगितलं. लाडकी बहीण योजना त्याच सुमारास आलेली, म्हणून लोकांनी हिला "लाडका भाऊ" म्हणायला सुरुवात केली. या नावानं मोठा गोंधळ झाला. अनेक घरांत वाटलं, ही मुलांसाठी आहे, मुलींचा काय संबंध? मैत्रिणींनो, नियमात मुलगा-मुलगी असा फरक नाही. आपल्या लेकीही त्यात तितक्याच हक्कानं बसतात.

योजना अशी आहे. मुलगा किंवा मुलगी एखाद्या आस्थापनेत, म्हणजे कारखाना, कंपनी, संस्था किंवा सरकारी कार्यालयात, प्रत्यक्ष काम करून शिकते. तिचं विद्यावेतन राज्य सरकार देतं. बारावी झालेल्यांना महिना ६,००० रुपये, आय.टी.आय. किंवा पदविका असलेल्यांना ८,००० रुपये आणि पदवीधर व पदव्युत्तर असलेल्यांना १०,००० रुपये. पैसे आस्थापनेच्या हातात येत नाहीत, थेट मुलीच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होतात. आस्थापनेला वाटलं तर ती स्वतःच्या खिशातून वर आणखी देऊ शकते. सुरुवातीला मुदत ६ महिन्यांची होती. २०२५ मध्ये त्यात ५ महिने वाढवून ती ११ महिने करण्यात आली. शेवटी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मिळतं. "अनुभव किती?" या प्रश्नाला दाखवायला निदान एक कागद हातात येतो.

मुलीसाठी अटी साध्या आहेत. वय १८ ते ३५. महाराष्ट्राची रहिवासी. आधार कार्ड आणि आधारशी जोडलेलं खातं. कौशल्य विकास विभागाच्या महास्वयम संकेतस्थळावर नोंदणी. शिक्षण चालू असेल तर चालत नाही, ते पूर्ण झालेलं हवं. नोंदणीला पैसे लागत नाहीत. कुणी एजंट "जागा मिळवून देतो" म्हणून पैसे मागत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

खरी गाठ आस्थापनेच्या अटींत आहे, आणि ती मी तुमच्यापासून लपवणार नाही. आस्थापना महाराष्ट्रातली आणि निदान ३ वर्षं जुनी हवी. जीएसटी, भविष्य निर्वाह निधी, राज्य कामगार विमा, उद्योग आधार अशा नोंदण्या मागितल्या जातात. भविष्य निर्वाह निधीचा कायदा तर मुळात २० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी लागू होतो. म्हणजे दहा-बारा जणींचा आपला बचत गट स्वतःच्या नावावर अर्ज करायला गेला तर बहुतेक वेळा तो बसणार नाही.

मग हे ऐकून उपयोग काय, असं म्हणाल. उपयोग आहे. वाटा चार आहेत.

पहिली वाट, एकत्र येण्याची. गट लहान असतो, पण गटांची मिळून झालेली उत्पादक कंपनी मोठी असू शकते. तुमचा गट एखाद्या महिला किंवा शेतकरी उत्पादक कंपनीचा सभासद असेल, तर त्या कंपनीच्या संचालकांना विचारा: आपल्या नोंदण्या पूर्ण आहेत का, आपण महास्वयमवर आस्थापना म्हणून नाव घातलंय का? बऱ्याच ठिकाणी हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो. कंपनीत एक अन्नतंत्र शिकलेली मुलगी बसली, तर तिच्या कामाचा फायदा सगळ्या गटांना होतो.

दुसरी वाट, शिकाऊ उमेदवारीची. हा कायदा जुना आहे, १९६१ चा. त्यात २०१९ साली नियम बदलले. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के. पण ४ माणसांपासून पुढच्या लहान आस्थापनांनाही, त्यांची इच्छा असेल तर, घेता येतात. त्याच नियमांत पदवीधर उमेदवाराला महिना किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरलं आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेत त्यातला निम्मा वाटा, म्हणजे ४,५०० रुपये, केंद्र सरकारनं उचलायचा. दुसऱ्या एका योजनेत, जी मुख्यतः आय.टी.आय. आणि कौशल्य अभ्यासक्रमांच्या मुलांसाठी आहे, सरकारचा वाटा २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये. असे आकडे अधूनमधून सुधारले जातात, म्हणून अर्ज करण्याआधी चालू रक्कम विचारून घ्यायची. ओळखीतला एखादा लहान उद्योजक "माणूस परवडत नाही" म्हणत असेल, तर त्याला हा हिशोब सांगा.

तिसरी वाट, मुलीनं शिकत असतानाच आपल्या प्रश्नावर काम करण्याची. एम.एस्सी.च्या मुलांना अभ्यासाचा भाग म्हणून प्रकल्प करावा लागतो. विषय शोधत ती फिरत असतात. आपल्या जिल्ह्यासाठी वेगळं विद्यापीठ २००४ साली झालं, आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आहे. त्याच्या विभागांत किंवा जवळच्या महाविद्यालयात जाऊन सांगायचं, "आमच्या चटणीचा हा प्रश्न आहे, कुणा विद्यार्थिनीला प्रकल्प म्हणून घेता येईल का?" इथं अनुदान नाही, पण आपल्याला पगारही द्यावा लागत नाही. शिक्षण संपल्यावर तीच मुलगी वरच्या दोन वाटांनी पुढे येऊ शकते.

चौथी वाट, लेकीला बाहेर पाठवून अनुभव घरी आणण्याची. गटाच्या नावावर जमत नसेल, तर चिंचोळी किंवा अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत, एखाद्या दूध संघात, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मुलीनं प्रशिक्षण घ्यावं. वर्षभरानं तिला नमुना कसा घ्यायचा, ओलावा कसा मोजायचा, नोंद कशी ठेवायची हे हातात बसलेलं असेल. ते शिकून ती गटाच्या कामाला लागली तर उत्तमच. नाही लागली तरी ती कमावती झालेली असेल.

एक गोष्ट इथं सांगून ठेवते, म्हणजे फेरा पडणार नाही. २०२४ सालीच केंद्राची प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनाही आली, मोठ्या कंपन्यांत वर्षभर काम शिकण्याची. तिच्या सुरुवातीच्या नियमांत वय २१ ते २४ होतं आणि पदव्युत्तर पदवी असलेल्यांना त्यात घेत नव्हते. नावं सारखी वाटतात, नियम वेगळे असतात. म्हणून फॉर्म भरण्याआधी शिक्षणाची अट आधी वाचायची.

आता त्या ठरलेल्या प्रश्नाकडे येऊ. शिकलेली मुलगी कामावर आली आणि तिला काय सांगायचं हेच ठरलेलं नसेल, तर काय होतं? पहिल्या दिवशी खुर्ची मिळते. दुसऱ्या दिवशी बिलं लिहायला सांगतात. तिसऱ्या दिवशी पाकिटावर लेबलं चिकटवायला. ११ महिने संपतात, सरकारचे पैसे संपतात, चटणी तशीच खवट होते आणि मुलगी काही न शिकता घरी जाते. अनुदान फुकट गेलं असं त्यालाच म्हणतात.

म्हणून एकच प्रश्न घ्यायचा, आणि तो असा मांडायचा की शेवटी उत्तर "हो" किंवा "नाही" असं सांगता यावं. "चटणी चांगली करायची" हा प्रश्न झाला नाही. "आपली शेंगा चटणी एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात, साध्या दुकानात ठेवून, ३ महिने खवट न होता टिकेल का, आणि कोणत्या पाकिटात?" हा प्रश्न झाला.

त्यावर काम कसं चालतं, ते उदाहरणानं सांगते. एकाच दिवशी, एकाच दाण्याची, एकाच भाजणीची चटणी करायची. ती तीन तऱ्हेच्या पाकिटांत भरायची: साधी पारदर्शक पिशवी, उजेड न जाणारं जाड पाकीट, आणि त्याच जाड पाकिटात हवा काढून. प्रत्येकाची पुरेशी पाकिटं करून तारीख टाकायची. ती दुकानासारख्या जागी ठेवायची, फ्रिजमध्ये नाही, कारण आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो आणि गिऱ्हाइकाच्या घरी चटणी त्याच उकाड्यात राहणार आहे. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक प्रकारातलं एक पाकीट फोडायचं. गटातल्या पाच जणींनी, कोणतं पाकीट कशातलं आहे हे न सांगता, वास आणि चव तपासून गुण द्यायचे. त्याच पाकिटातला नमुना मुलीनं प्रयोगशाळेत नेऊन ओलावा आणि तेलाचा खवटपणा मोजून आणायचा. सगळं एका वहीत. तीन-चार महिन्यांनी वही उघडली की उत्तर समोर असतं. शिवाय जाड पाकिटाला जास्तीचे किती पैसे लागतात आणि परत येणारा माल किती वाचतो, हा हिशोबही तिथंच मांडता येतो.

बघा, यात महागडं असं काही नाही. पण आपण एकट्या हे करत नाही, कारण मोजायचं काय आणि कसं हे सांगणारं कुणी नसतं. ती मुलगी त्यासाठी. आणि तिलाही एकटं सोडायचं नाही. ब्रिटनच्या योजनेत प्राध्यापक असतात, आपल्याकडंही विचारायला जागा आहेत. खेड आणि मोहोळला कृषी विज्ञान केंद्रं आहेत. रब्बी ज्वारीवर काम करणारं केंद्र सोलापुरात आहे. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून आहे. डाळिंबाचा रस किंवा अनारदाणा करणाऱ्या गटांनी तिथं जाऊन बोलावं. सरकारी संशोधन केंद्राच्या फाटकातून आत जायला आपल्याला संकोच वाटतो. पण ती केंद्रं आपल्या पिकांसाठीच आहेत.

आता काही सावधगिरीच्या गोष्टी.

हे प्रशिक्षण आहे, नोकरी नाही. मुख्यमंत्री योजनेत भविष्य निर्वाह निधी कापला जात नाही, कायम करण्याची हमी नाही. मुदत संपल्यावर पुढं काय, हा प्रश्न घेऊन राज्यातल्या कितीतरी प्रशिक्षणार्थींनी आंदोलनं केली आहेत, त्यांचं दुःख खरं आहे. म्हणून मुलीला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावं, आणि आस्थापनेनंही आठव्या-नवव्या महिन्यात ठरवावं की हिला पुढे ठेवायचं का आणि किती पगारावर. तिच्या कामानं परत येणारा माल थांबला असेल, तर तिचा पगार त्या वाचलेल्या पैशातून निघतो का, हे वहीच सांगेल.

दुसरं, जाण्या-येण्याचं. १०,००० रुपयांतले प्रवासात किती जातात, शेवटची एस.टी. किती वाजता, कामाच्या जागी बाथरूम आहे का, आणखी बायका आहेत का, हे आईनं विचारायला लाजू नये. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी महिलांच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं कायद्यानं बंधनकारक आहे. ती आहे का, हेही विचारावं.

तिसरं, गटाच्या कृतीचं. चटणीचं प्रमाण, भाजणीची पद्धत ही आपली शिदोरी आहे. मुलगी काम सोडून गेली तर वही गटाकडं राहील, आणि कृती बाहेर द्यायची नाही, असं दोन ओळींत लिहून दोघांनी सह्या कराव्यात. त्याच कागदावर तिचंही लिहावं: तिनं काय काम केलं याचं पत्र तिला मिळेल आणि तिच्या अहवालावर तिचं नाव राहील. देणं-घेणं दोन्हीकडून असलं की मन मोकळं राहतं.

चौथं, पैसे मुलीच्या खात्यात येतात ते मुलीचेच. घरी द्यायचे, शिलाई मशीन घ्यायची की पुढचा कोर्स करायचा, ते तिला ठरवू द्या. आपण गटात पै-पै साठवून जे शिकलो, ते तिला वेगळं सांगायला नको.

आता येत्या बैठकीत तीन कामं करा. एक, गावात आणि शेजारच्या दोन गावांत पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण झालेल्या, घरी असलेल्या मुलींची यादी करा, सुना धरून. सुनांची पदवी आपण हमखास विसरतो. नाव, विषय, कोणत्या वर्षी पास झाली, एवढंच लिहा. दोन, आपल्या मालाचा जो एक प्रश्न वर्षानुवर्षं अडलाय, तो एका वाक्यात लिहा. तीन, हे दोन्ही कागद घेऊन तुमच्या प्रभागसंघाच्या किंवा लोकसंचालित साधन केंद्राच्या ताईला भेटा आणि तिच्याबरोबर सोलापूरच्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जा. तिथं दोन प्रश्न विचारायचे: सध्या कोणती योजना सुरू आहे आणि आमच्या भागात कोणत्या आस्थापनांनी जागा नोंदवल्या आहेत?

यंत्र बिघडलं तर मिस्त्री बोलावता येतो. धंद्यातला प्रश्न सोडवणारी मात्र बहुतेक वेळा आपल्याच घरात असते. तिला लग्नाच्या बाजारात उभं करण्याआधी एकदा कामाच्या बाजारात उभं राहायची संधी देऊ. तुमच्या याद्या झाल्या की रेडिओवर कळवा, कुठल्या विषयाच्या मुली किती निघाल्या ते आपण मिळून बघू.